आठवणीची साक्ष
(तीर्थपुरी येथे महोत्सवाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सव म्हटला की आठवणी आल्याच. ह्या स्मरणिकेसाठी वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणी उतरून घेण्याचे काम मजकडे सोपविण्यात आले होते. ते करीत असता एक कोडे माझ्यापुढे उभे राहिले. जुन्या प्रार्थनागृहाच्या पायाचे दगड कोणाच्या बैलगाडीतून आले, हे मी दोन वृद्ध गृहस्थांना निरनिराळे विचारले. दोघेही सत्यनिष्ठ, पैशाच्या व्यवहारात त्यांच्या शब्दापुढे कोणी कागद मागत नाही. दोघांनीही आपापल्या वडिलांच्या गाडीचे नाव घेतले, आणि दुसरी गाडी तेथे नव्हतीच असे ठासून सांगितले. ह्यांत खोटे कोण बोलले? पुष्कळ विचाराअंती मी म्हणतो, कोणीच नाही.

आमची एक चुलती १९७२ च्या दुष्काळाची हकीकत फार रंगवून सांगत असे. सुकडी, तांबड्या मिलोच्या भाकरी, रस्त्याच्या कडेला फोडलेली खडी, हे सारे अक्षरशः खरे. परंतु त्याच ओघात ती सांगे की, काम सुटल्यावर बाया कालव्याच्या पाण्यावर हातपाय धूत. आता पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले १९७६ साली. त्याचे पाणी दुष्काळात कोठून यावे? पुढे कालवा आला, बाया त्यावर हातपाय धूऊ लागल्या, आणि ते पाणी मागे वाहत जाऊन दुष्काळाच्या वर्षाला मिळाले. हे तिला समजावून सांगण्याचा प्रयत्न मी एकदा केला. तिने माझ्याकडे अशा दयेने पाहिले की, पुन्हा तो विषय काढला नाही.

आपली समजूत अशी की, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला कागद. केव्हाही काढा, अक्षर तेच. केंब्रिजचे प्राध्यापक फ्रेडरिक बार्टलेट यांनी ह्या समजुतीची परीक्षा पाहिली आणि १९३२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील आदिवासींची एक चमत्कारिक कथा त्यांनी लोकांना वाचावयास दिली आणि काही काळाने ती पुन्हा लिहून मागितली. तेथील होडग्याची साधी नाव झाली, भुतेखेते गळून पडली, आणि जे ओळखीचे नव्हते त्याच्या जागी वाचकाच्या ओळखीचे येऊन बसले. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात स्मृतीला विस्तीर्ण राजवाड्याची उपमा दिली आहे. उपमा थोरच, परंतु त्या राजवाड्यात रात्री कोणीतरी सामान हलवीत असावे, असे मला भीत भीत म्हणावेसे वाटते.

कोणी म्हणेल, लहानसहान गोष्टी अशा बदलतील, पण किल्लारीची पहाट कशी विसरू? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूमी हादरली. त्या वेळी आपण कोठे निजलो होतो, प्रथम कोणी हाक मारली, हे मराठवाड्यात आजही जो तो छातीठोकपणे सांगतो. अशाच छातीठोकपणाची तपासणी अमेरिकेत झाली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान आकाशात फुटून सात जण मृत्यू पावले. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर यांनी, ही वार्ता कोठे व कशी कळली, हे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, आणि सुमारे अडीच वर्षांनी तेच पुन्हा विचारले. पुष्कळांची उत्तरे बदलली होती. खात्री मात्र तिळभर उणी झाली नव्हती. त्यांचेच हस्ताक्षर पुढे ठेवले तरी काहींना आजची आठवणच खरी वाटली! असो. भूकंपानंतर ‘आम्हांस आधीच कुणकुण लागली होती’ असे म्हणणारेही पुष्कळ निघाले. किल्लारीकरांना तसे म्हणण्याचा अधिकार होता, कारण तेथे १९९२ साली खरोखरच धक्के बसले होते. इतरांची कुणकुण बहुधा दुसऱ्या दिवशीची.

आता पुन्हा बैलगाड्यांकडे वळू. रॉस आणि सिकोली ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली, घरातील कामांचा किती भार आपण उचलतो, असे नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळे विचारले. दोघांचे वाटे एकत्र केले की बेरीज बहुधा शंभरावर जाई. ह्यात लबाडी नाही. आपले कष्ट आपल्या डोळ्यांदेखत होतात. दुसऱ्याचे आपल्या पाठीमागे. म्हणून आम्ही स्मरणिकेत दोन्ही गाड्या छापल्या आहेत.

हे मी दुसऱ्यांविषयी शहाणपणाने बोलत आहे. पण माझीही एक गाडी आहे, ती सांगितल्यावाचून खाली बसणे बरे नव्हे. दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. शाळा सोडून खडी फोडावयास मी गेलो, आणि थोरले बंधू पुस्तके घेऊन घरी बसले, असे मी पन्नास वर्षे सांगत आलो. वाटणीच्या वेळी हेच कारण पुढे करून मी एक एकर जास्त मागितला. दादांनी तो निमूटपणे दिला. गेल्या पावसाळ्यात जुनी पेटी उघडली, तिच्यात वडिलांची हिशेबाची वही सापडली. खडीच्या मजुरीचे आठवडे तीत मांडलेले होते. माझ्या नावापुढे सहा. दादांच्या नावापुढे एकोणीस.

माझ्या हातांना आलेले फोड मला स्मरत होते. त्यांच्या हातांचे फोड मला कसे दुखणार? कबुलीला जाण्यापूर्वी मी इतकी वर्षे विवेक तपासला, परंतु हे पाप कधी ध्यानी आले नाही. आठवतच नव्हते, ते कबूल तरी काय करणार?

वही घेऊन मी दादांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मी कुठं गेलो होतो रे खडीवर? तू गेला होतास. बाबांनी नावं उलटी लिहिली असतील.” पन्नास वर्षे माझी हकीकत ऐकून ऐकून तीच त्यांची आठवण होऊन बसली होती! स्वतःचे एकोणीस आठवडे त्यांच्याजवळ उरलेच नव्हते.

त्या एकराचे बक्षीसपत्र मी त्यांच्या नावे तयार करवून ठेवले आहे. दादा सहीला येत नाहीत. म्हणतात, जे मी केलंच नाही, त्याची भरपाई कशी घेऊ?