रबराची गोष्ट
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



घरातल्या एकेका वस्तूची माहिती प्रत्येकीने सांगायची असे ठरले आणि माझ्या वाट्याला रबर आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुलांच्या पुस्तकांतून व वाचनालयातून जमले तेवढे सांगते.

रबर म्हणजे झाडाचा चीक. रुईचे पान तोडले की येतो ना, तसाच. पण हे झाड मूळचे ॲमेझॉनच्या रानातले. केरळात त्याच्या मोठ्या बागा आहेत. पहाटे सालीला तिरकी चीर देऊन चीक वाटीत धरतात व आम्ल घालून गोठवतात. आपण लिंबू पिळून दूध फाडतो, तीच रीत.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकटते, थंडीत कडक होते. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरने यावर उपाय शोधण्यापायी संसार धुळीला मिळवला, कर्जासाठी तुरुंगही पाहिला. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापल्या शेगडीला लागले आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखे झाले. शिजलेल्या शेवया एकमेकींवरून घसरतात. पण त्यांना जागोजाग गाठी मारल्या तर? गंधक रबराच्या आत तशाच गाठी मारते, म्हणून ताणलेले रबर परत जागेवर येते. गुडइयर १८६० साली कर्जातच वारला. घर चालवणाऱ्या त्याच्या बायकोचे नाव कोणी घेत नाही, ते असो.

१८८८ साली डनलॉपने हवेचे टायर काढले. सायकली, मोटारी वाढल्या आणि रबराची मागणी भडकली. आफ्रिकेतल्या काँगोवर १८८५ पासून बेल्जमचा राजा लिओपोल्ड याची खासगी सत्ता होती. तिथे रानवेलींचे रबर निघे. कोणत्या गावाने किती भरायचे हे ठरलेले. पुरुष रबर घेऊन येईपर्यंत त्यांच्या बायकांना ओलीस म्हणून कोंडून ठेवत. कित्येकजणी तिथेच उपाशी मेल्या.

१९०४ साली न्साला नावाचा एक बाप मिशनच्या घरी आला. त्याच्याजवळ पानांत गुंडाळलेला आपल्या लेकीचा हात आणि पाऊल होते. पोर पाच वर्षांची. गावाने रबर कमी भरले म्हणून पहारेकऱ्यांनी तिला मारले होते. मिशनऱ्याची पत्नी ॲलिस हॅरिस हिने त्या बापाचा फोटो काढला. पुढे इंग्लंड-अमेरिकेत सभा भरवून हे फोटो पडद्यावर दाखवण्यात आले. मोठी ओरड झाली, आणि १९०८ साली राजाला काँगो बेल्जम सरकारच्या हवाली करावा लागला. सक्तीची मजुरी मात्र त्यानंतरही लगेच थांबली नाही.