अपमानाची झीज आणि आयुर्मान

(आपल्या चर्मकार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात कळसाडी येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस शिक्षणाच्या महत्त्वावर बोलण्याची आज्ञा केली होती. चिटणीसांच्या संमतीने आम्ही विषय बदलून घेतला आहे. शिक्षणावर आम्ही चौतीस वर्षे बोललो. आता पेन्शनीत निघाल्यावर प्रकृतीवर बोलण्याचाच आमचा अधिकार मोठा, असे आमचे कुटुंब म्हणते.

आपल्या घरांतील माणसे अकाली म्हातारी का होतात, हा आमचा आजचा प्रश्न आहे. पंचावन्नाव्या वर्षी आपला मनुष्य काठी शोधू लागतो आणि त्याच्याच वर्गात बसलेला दुसऱ्या आळीचा गृहस्थ मोटारसायकलीवरून बाजारास जातो, हे आपण सर्वजण पाहतो. याची कारणे विचारली असता लोक दारिद्र्य, निकस अन्न, व्यसन, कष्टाचे काम आणि नशीब अशी पाच नावे घेतात. यांतील नशीब वगळून बाकी सर्व कारणे खरी आहेत, आणि व्यसनाची वकिली तर आम्ही मुळीच करणार नाही. तथापि या साऱ्यांची बेरीज केली तरी हिशेब पुरा होत नाही, असे अलीकडील संशोधक सांगतात. उरलेली बाकी भेदभावाच्या खाती मांडावी लागते.

भेदभावाने शरीरास इजा होते, हे खानदेशास कोणी नव्याने शिकवावयास नको. सन १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सभासद असताना चाळीसगावी उतरले. अस्पृश्याचा टांगा हाकण्यास टांगेवाले तयार होईनात. अखेर मालकाने टांगा भाड्याने दिला, पण हाकावयास मनुष्य दिला नाही; वस्तीतल्याच नवख्या माणसाने लगाम हाती घेतला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्याच वर्षी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली, तेव्हा डॉक्टर वस्तीत पाऊल टाकीना. मोठ्या मिनतवारीने तो आला. पण तापमापक नळी त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिली, त्याने ती पतीच्या हाती दिली, आणि अशी तपासणी झालेली ती बाई दगावली. बाबासाहेबांनी या दोन्ही हकिगती लिहून ठेवल्या आहेत. शिक्षकाची हकीगत वाचताना आम्हांस पुस्तक खाली ठेवावे लागले, इतकेच येथे सांगतो.

हे दिसणारे घाव झाले. न दिसणाऱ्या घावांचे शास्त्र मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील आहे. आम्ही केवळ मॅट्रिक; आमच्या एका विद्यार्थिनीने, जी पुण्यास संशोधन करते, हे निबंध आम्हांस मराठीतून उलगडून सांगितले.

अमेरिकेतील आर्लीन जेरोनिमस या विदुषींनी १९९२ साली एक सिद्धान्त मांडला. गोऱ्या स्त्रियांमध्ये विशीतील मातांची बालके कुमारवयीन मातांच्या बालकांहून अधिक जगत. काळ्या स्त्रियांत मात्र उलट चित्र होते. वय वाढावे तसा धोका वाढत होता. जणू त्यांचे शरीर विशीतच झिजू लागले होते. या झिजेस त्यांनी जो शब्द दिला तो भूगोलातला आहे. ऊन, वारा, पाऊस यांनी खडकाचे जे होते, ज्यास आम्ही वर्गात फळ्यावर ‘विदारण’ असे लिहीत असू, तोच तो शब्द. खडक एका पावसाने फुटत नाही. पाऊस मात्र दरवर्षी येतो.

हे घडते कसे? अंगावर कुत्रा धावून आला म्हणजे मूत्रपिंडावरील ग्रंथी रक्तात रस सोडतात, हृदय जोराने चालते, साखर व रक्तदाब वाढतो. कुत्रा गेला की सर्व स्थिर होते. ही निसर्गाची सोयच आहे. परंतु ज्याला खोली भाड्याने घेताना आडनावाची धास्ती, कचेरीत साहेबाच्या कपाळावरील आठीची धास्ती, लग्नाच्या पंगतीत कोठे बसवतील याची धास्ती, त्याचा कुत्रा कधी जातच नाही. नित्य वाढलेला दाब रक्तवाहिन्या कठीण करतो. ब्रूस मॅकएवेन या शास्त्रज्ञांनी या साचत गेलेल्या ओझ्याचा विचार १९९३ पासून मांडला. जेरोनिमस यांनी २००६ साली रक्तदाब, साखर, मेद अशा खुणांवरून हे ओझे मोजले, तेव्हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या काळ्या स्त्रियांतही ते गरीब गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक आढळले. नोकरी लागली, पक्के घर झाले, म्हणजे सर्व मिटले असे समजणाऱ्या आपल्यातील बंधूंनी हा निष्कर्ष ध्यानी घ्यावा.

आता आपल्या देशाकडे येऊ. संगीता व्यास, पायल हाथी व आशिष गुप्ता यांनी २०२२ साली नऊ राज्यांतील दोन कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवरून आयुर्मानाचा हिशेब प्रसिद्ध केला. उच्चवर्णीय हिंदूंच्या मानाने दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी भरले. सांपत्तिक स्थितीतील फरकाने या तफावतीचा अर्ध्याहूनही कमी भाग उलगडला. या नऊ राज्यांत आपला शेजारी मध्य प्रदेश आहे, महाराष्ट्र नाही. सातपुड्याच्या अलीकडचा हिशेब असाच कोणीतरी मांडला पाहिजे. आमच्या त्या विद्यार्थिनीस हेच करावयाचे आहे. पीएच.डी. झाल्यावरही दोन-तीन वर्षे जाणत्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करावे लागते, त्यास पोस्ट-डॉक्टरल संशोधन म्हणतात. तिच्या घरची मंडळी या मंडपात आहेत, आणि ‘अजून किती शिकणार?’ असे ती आम्हांस विचारतात. आमचे उत्तर असे की, मुलीचे लग्न दोन वर्षे थांबू शकते. आपली माणसे तीन वर्षे आधी जात आहेत.

आणखी एक निष्कर्ष सांगणे अवश्य वाटते. आपल्या पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांस टेलोमिअर नावाची टोपणे असतात. चपलेच्या नाडीच्या टोकास आपण पत्रा बसवतो, तशीच. वयाबरोबर ती आखूड होतात. त्यांच्या शोधाबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक एलिझाबेथ ब्लॅकबर्न व त्यांच्या दोन सहकाऱ्यांस मिळाले. डेव्हिड चे या संशोधकांनी २०१४ साली ९२ काळ्या पुरुषांची ही टोपणे तपासली. ज्यांनी पुष्कळ भेदभाव सोसला आणि त्याबरोबर स्वतःच्या समाजाविषयी मनात हीनभावही बाळगला, त्यांची टोपणे सर्वांत आखूड आढळली. ९२ माणसांवरून जगाचा सिद्धान्त होत नाही, हे आम्ही जाणतो. तरी मुलांस आडनाव बदलून सांगावयास शिकवणाऱ्या, वडिलांच्या आरीची व रापीची लाज धरून त्या माळ्यावर टाकणाऱ्या आपल्या सुशिक्षित कुटुंबांनी या गोष्टीवर घटकाभर विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

येथवर टाळ्या पडल्या. पुढील वाक्यास पडणार नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपल्या नंदुरबार जिल्ह्यात १०० पैकी सुमारे ६९ माणसे आदिवासी होती. त्या २०२२ च्या हिशेबात आयुष्याची सर्वांत मोठी तूट त्यांचीच आहे. आपल्यापैकी किती घरांत भिल्ल वा पावरा मजुरीणबाईचा चहाचा पेला न्हाणीघराच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असतो? आम्ही मोजदाद केलेली नाही, पण समाजकार्यानिमित्त घरोघर चहा घेतला आहे. ज्या पावसाने आपला खडक झिजला, तो पाऊस आपल्याच पन्हाळीतून दुसऱ्याच्या अंगावर पडत आहे. हा ठराव करण्याचा विषय नव्हे. तो पेला आज सायंकाळी घरी जाऊन आत आणावयाचा आहे.

मंडळापुढे आमची एकच सूचना आहे. शिष्यवृत्ती निधीतून नव्हे, तर हारतुरे व शाली यांच्या खर्चातून वाचवून रक्तदाब मोजण्याची दोन यंत्रे घ्यावीत. चाळिशीपुढील प्रत्येक स्त्रीपुरुषाचा आकडा दरमहा वहीत लिहावा, आणि तो १४० व ९० यांच्या वर वारंवार गेल्यास त्यांस दवाखान्यात पोचवण्याचे काम तरुण मंडळींनी वाटून घ्यावे. एक यंत्र आम्ही आमच्या पेन्शनीतून आणले असून ते मंडपाच्या डाव्या हातास ठेवले आहे. मंडळींनी आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि चहापूर्वीच मोजून घ्यावे. चहानंतर आकडा फुगतो.