महाविद्यालयाचे दप्तर आणि नागरिकाचा अर्ज

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील शासकीय महाविद्यालयांच्या दप्तरांत प्रवेशाचे, खरेदीचे आणि शिष्यवृत्तीवाटपाचे जे कागद साठत जातात, ते ज्या जनतेच्या करांवर या संस्था चालतात तिला पाहावयास मिळावेत, हा अधिकार 2005 च्या माहिती अधिकार अधिनियमाने देशभर दिला. महाराष्ट्राने तर 2002 सालीच स्वतःचा असा कायदा केला होता, ही अभिमानाची गोष्ट होय. महाविद्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, एकाच विषयापुरता, दीडशे शब्दांच्या आत अर्ज लिहावा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा आणि पोच घेतल्यावाचून कचेरी सोडू नये. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर मुळीच नाही. 30 दिवसांच्या मुदतीत उत्तर न आल्यास पुढील 30 दिवसांत तेथीलच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील दाखल करावे. त्यानंतरच्या दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ याच शहरात आहे.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली मान्य केला आहे. मात्र पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका विद्यापीठाच्या ताब्यात असल्याने तो अर्ज तेथेच करावा, आणि चुकून महाविद्यालयात दिला गेलाच, तर पाच दिवसांच्या आत तो योग्य ठिकाणी वर्ग करणे, हे त्या कचेरीचे कर्तव्य आहे.