लाल धागा कोणाचा?
(कार्यकर्त्यांपुढील भाषण)



निरनिराळ्या गोष्टींतून एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावू लागला की इंग्रजीत त्यास 'कॉमन थ्रेड' म्हणतात. आपण समान सूत्र म्हणतो. या शब्दप्रयोगाचे एक भावंड आहे, 'रेड थ्रेड', म्हणजे लाल धागा. ते जर्मन भाषेतून आले. महाकवी गटे याने १८०९ च्या आपल्या कादंबरीत ब्रिटिश आरमाराच्या दोरखंडांचा दाखला दिला आहे. त्यांत एक लाल धागा आरंभापासून अखेरपर्यंत वळलेला असे. तुकडा कितीही लहान असो, तो राजसत्तेच्या मालकीचा हे ओळखू येई. आणि धागा काढू म्हटले तर सारा दोर उकलावा लागे. साहित्यसमीक्षेत मिरवणारा हा धागा मूळचा मालकीचा शिक्का आहे!

वऱ्हाडात तो कोठे दिसतो? १८५३ साली निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांची रुई अडली आणि आमच्या पऱ्हाटीला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळला. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे कापसासाठी 'शकुंतला' धावू लागली. ती किलिक निक्सन कंपनीची. स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खाजगीच राहिली. वर्तमानपत्रे या गाडीविषयी हळवी होतात, मालकीविषयी मात्र दोन ओळींत आटोपतात.

१९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली. व्यापाऱ्याच्या हातून सूत्र काढून घेण्याचा तो मोठा प्रयत्न. हेतू आपलाच होता, म्हणून चिकित्साही आपणच केली पाहिजे. प्रतवारीवरून होणारी घासाघीस, थकलेले चुकारे, वाढता तोटा यांत योजना खचली. सूत्र व्यापाऱ्याकडून सरकारकडे गेले, शेतकऱ्याकडे नव्हे. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. बियाणे संकरित, तेव्हा दर हंगामात दुकानाची पायरी चढणे आले. आत्महत्यांनी हादरल्यावर २००६ मध्ये अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज मिळाले. त्यातही कापसाचा भाव ठरविण्याचा अधिकार नव्हता.

युद्ध, रेल्वे, बियाणे, पॅकेज या आपण वेगवेगळ्या बातम्या म्हणून वाचतो. पिकविणाऱ्याचा खर्च आणि भाव दोन्ही बांधापलीकडे ठरतात, हा त्यांतील लाल धागा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. वऱ्हाडात तेव्हा पेरण्या आटोपल्या होत्या.