हातचा न लागणारी संख्या

माझं लहानपण लातूरचं. अब्बा गंजगोलाईत एका अडतीवर हिशेब लिहायचे. वहीत मोठा आकडा दिसला की मी हरखून जायचो. अब्बा म्हणायचे, "बेटा, मोठा आकडा म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचं ओझं." आमच्या मुलखात मोठी संख्या भेटायची ती कर्जाच्या कागदावरच. गणिताची धास्ती बसली ती कायमची. मी बी. ए. झालो, कवितेत रमलो आणि पोटासाठी नांदेडला आलो.

इथं एकदा मुलीनं वहीत नऊ एकक लिहिले, १११११११११, आणि म्हणाली, "ह्याला ह्यानंच गुणा." कॅल्क्युलेटरच्या आठ घरांत ते मावेना. मग हातानंच बसलो. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलटीकडून वाचा, तीच संख्या!

हे होतं कसं? कडेच्या रकान्यात एकच १ असतो, त्याच्या शेजारी दोन, असं वाढत मधल्या रकान्यात नऊ. बेरीज कुठंच दहावर जात नाही, म्हणून हातचा लागत नाही. दहा एकक घेऊन गुणलं की मधोमध दहा भरतात, हातचा येतो आणि उत्तर मिळतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ नाहीसा होतो.

असल्या संख्यांना 'डेमलो संख्या' म्हटलं ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असं नाव दिलं. आमच्या सतरा अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं त्या संख्येला पूर्ण भाग जातो. म्हणजे ती हर्षदही आहे.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. 'ह्याचा उपयोग काय?' म्हणून जाणकार त्यांना हसायचे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाचं लक्ष गेलं. तोवर मास्तर आपल्या आनंदात होतेच.

मलाही लोक विचारतात, "चाचा, तुम्ही आणि मराठीत कविता? कशासाठी?" पूर्वी मी वाद घालायचो. आता मास्तरांची आठवण काढतो आणि हसतो.

अब्बा आज नाहीत. असते तर ही संख्या त्यांच्या वहीत लिहून दाखवली असती. म्हटलं असतं, "अब्बा, बघा, एवढा मोठा आकडा, आणि कुणाचं काही देणं नाही."