पोर्टा केबिनमधलं बेसिन

मावळात कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागलं की तंबूंच्या जोडीला लोखंडी खोल्या दिसू लागतात. कुठे पोर्टा केबिन, कुठे रंगवलेला जुना कंटेनर. पॅराग्लायडिंगला किंवा धरण पाहायला येणारे पर्यटक त्यांत उतरतात. अशी खोली कारखान्यात तयार होते, ट्रेलरवरून येते आणि क्रेनने जोत्यावर ठेवली जाते. तिच्यात दुरुस्ती लवकर निघते ती बाथरूममध्ये, आणि बहुधा बेसिनचीच.

बेसिन तेच असतं, भिंत मात्र वेगळी. विटांच्या भिंतीत रॅक बोल्ट घट्ट बसतो. पोर्टा केबिनच्या भिंतीत बाहेरून पत्रा, मध्ये पफ किंवा थर्माकोल आणि आतून पातळ बोर्ड असतो. त्या बोर्डात मारलेल्या स्क्रूवर चिनी मातीचं बेसिन टांगलं, की तोंड धुताना पुढच्या कडेवर टेकलेल्या प्रत्येक हाताचा भार त्या भोकावर येतो. भोक सैल होतं, बेसिन पुढे झुकतं, मागे फट पडते. फटीतून पाणी आत जातं, बोर्ड फुगतो, लोखंडी चौकटीला गंज चढतो. मावळातल्या पावसाळ्यात आत मुरलेलं हे पाणी चार महिने सुकत नाही.

म्हणून नवं बेसिन आणण्याआधी जुनं काढून भिंत पाहावी. अँगल कॉक बंद करावा, खाली बादली ठेवावी, बॉटल ट्रॅपची चकती हातानेच फिरवावी. पान्याने प्लास्टिकचे आटे जातात. कनेक्शन पाइप सोडवून सिलिकॉन ब्लेडने कापला की बेसिन सुटतं. मग आतल्या बोर्डावरून लोहचुंबक फिरवावा. तो जिथे ओढला जाईल तिथे चौकटीचा बॉक्स पाइप. अशा दोन उभ्या पाइपांवर जाड मरीन प्लायची आडवी पट्टी बसवून बेसिन तिच्यावर घ्यावं. पायाचं बेसिन किंवा खाली कपाट असलेलं बेसिन त्याहून बरं, कारण भार जमिनीवर जातो. रस्त्यावर धावणाऱ्या कॅराव्हॅनला मात्र स्टील किंवा ॲक्रिलिकच हवं. तिथल्या हादऱ्यांत चिनी माती तडकते.

ट्रॅपमध्ये थांबलेलं थोडं पाणी गटाराचा वास अडवतं. शनिवार-रविवारच उघडणाऱ्या खोलीत उन्हाळ्यात ते आटतं आणि पाहुणे नाक मुरडतात. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं. बाहेर जाणाऱ्या नळीला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार हवा. जोतं एका बाजूला खचलं की हा उतार बिघडतो, म्हणून जोडणी करताना लेव्हल लावून पाहावी.

खरी काळजी त्या नळीच्या दुसऱ्या टोकाची आहे. महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. फिरत्या आणि हलवता येणाऱ्या घरांची, आणि त्यांच्याबरोबर अशा नळ्यांचीही, संख्या वाढणारच. मावळात काही ठिकाणी बेसिनचं पाणी केबिनमागच्या गवतात सोडलेलं असतं. साबण आणि टूथपेस्टचा फेस उतारावरून ओढ्याला आणि तिथून पवना नदीला मिळतो. पवनेचं पाणी पुढे रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि शुद्ध करून पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत प्यायला जातं.

केबिनमालकांना एक विनंती: बेसिन बदलायला प्लंबर आलाच आहे, तर त्याच फेरीत नळी शेवटपर्यंत तपासून घ्या आणि ती उघड्यावर सुटत असेल तर शोषखड्ड्याला जोडून घ्या.