लवासा : पैसा कुणाचा, पाणी कुणाचं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या मांडणीचं शब्दांकन)



काल गटचर्चेत एकीने विचारलं, "लवासा तर खासगी कंपनीचं शहर. त्यात सरकारचा पैसा कुठे आला? आणि बायांच्या शिबिरात हा विषय कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांचीच उत्तरं शोधू या.

आपण चळवळीत एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. बाई पहाटे पाणी भरते, भाकऱ्या थापते, गुरांचं बघते, म्हाताऱ्यांचं करते, पण घराच्या जमाखर्चात यातलं काहीच लिहिलं जात नाही. नवऱ्याची मजुरी तेवढी कमाई ठरते. नोटांच्या रूपात दिसत नाही ते फुकटचं, अशी समजूत. सार्वजनिक पैशाचंही तसंच होतं. 'अमुक प्रकल्पाला इतके कोटी' एवढीच ओळ अर्थसंकल्पात शोधत बसलो, तर खरा हिशेब हातून निसटतो. लवासात जे सगळ्यांचं होतं ते चार वाटांनी गेलं : जमीन, पाणी, अधिकार आणि कर्ज. एकेक वाट पाहू.

आधी जागा समजून घेऊ. पुण्याच्या पश्चिमेला मोसे नदीचं खोरं आहे. तिथे वरसगावचं धरण झालं, तेव्हा खोऱ्यातली चांगली भातखाचरं पाण्याखाली गेली. जे राहिले ते वर डोंगरउतारावर. त्याच मुळशी तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता, आणि त्यात बायाही उतरल्या होत्या. म्हणजे मोठ्यांच्या विकासासाठी या मावळपट्ट्याने जागा करून देणं आजचं नाही.

राज्य सरकारने नोव्हेंबर १९९६ मध्ये गिरिस्थानांच्या धर्तीवर पर्यटन वसाहती उभारण्यासाठी खास नियम केले. २००१ साली मुळशी आणि त्या वेळच्या वेल्हे तालुक्यांतली अठरा गावं या नियमांखाली आणली गेली. तिथे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या उपकंपनीने 'लवासा' नावाचं शहर बांधायला घेतलं.

पहिली वाट जमिनीची. बहुतेक जमीन कंपनीने खरेदी केली. पण २००२ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने सुमारे १४१ हेक्टर जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. हे महामंडळ सरकारचं, म्हणजे आपलं. धरणं बांधणं आणि शेतीला पाणी पोचवणं हे त्याचं काम. ज्या यंत्रणेच्या नावाने खोऱ्यातल्या माणसांनी गाव सोडलं, तिच्याच ताब्यातली जमीन पुढे सुट्टीच्या बंगल्यांच्या शहराला मिळाली.

दुसरी वाट पाण्याची. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांवर पुणे शहर जगतं. खाली दौंड, इंदापूरची शेती याच साखळीतल्या पाण्याची वाट बघते. वरसगाव यांतलं सर्वांत मोठं, जवळजवळ पावणेतेरा टीएमसीचं. लवासा त्याच्या वरच्या अंगाला आहे. वर बंधारे घालून पाणी अडवायला परवानगी मिळाली, दासव्याला धरण बांधलं गेलं. शहराच्या जाहिरातींतलं सुंदर तळं ते हेच. पाण्याला बाजारभाव लावून हे मोजायला गेलो तर केवढी रक्कम होईल? ती कुठल्याच वहीत अनुदान म्हणून लिहिलेली नाही.

तिसरी वाट अधिकाराची. ही सगळ्यांत कमी दिसते. जून २००८ मध्ये लवासाला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला गेला. म्हणजे बांधकामाचे नकाशे मंजूर करण्याचा अधिकार जवळपास बांधणाऱ्याच्याच हाती आला. आपल्या गावात एखाद्या विधवा बाईला पडवी वाढवायची तर ग्रामपंचायत, तलाठी, तालुका असे हेलपाटे घालावे लागतात. महालेखापालांनी २०१२ च्या अहवालात या प्रकल्पाला दिलेल्या सवलतींवर आणि या दर्जावर ताशेरे ओढले. २०१७ साली सरकारने तो काढून घेतला आणि काम पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेलं.

चौथी वाट कर्जाची. शहर उभं राहिलं ते बँकांच्या कर्जावर, आणि त्यांत राष्ट्रीयीकृत बँकाही होत्या. आपल्या बचत गटाने पन्नास हजार मागितले तर बँकेचा साहेब दहा वेळा विचारतो, "फेडणार कशातून?" इथे मात्र ऑगस्ट २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. मान्य झालेले दावे साडेसहा हजार कोटींच्या वर होते. जुलै २०२३ मध्ये १,८१४ कोटींची एक योजना मंजूर झाली. ती घेणाऱ्याने ठरल्याप्रमाणे पैसे भरले नाहीत, म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनी न्यायाधिकरणाने ती रद्द केली. मंजूर झालेल्या योजनेतही दावा आणि वसुली यांत एवढी मोठी दरी होती. राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज बुडतं तेव्हा त्या बँकेत ठेव ठेवणारी आपली शिक्षिका, अंगणवाडीताई, पेन्शनवाली आजी यांचाच आधार पातळ होतो.

आता पर्यावरणाचं. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस देऊन काम थांबवायला सांगितलं. राज्याने २००४ साली परवानगी दिली होती, पण केंद्राची मंजुरी घेतलीच नव्हती, हा मुद्दा होता. कंपनीचं म्हणणं होतं की ती लागतच नव्हती. वाद उच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याच्या सुमारे दोन हजार हेक्टरांना अटींसह मंजुरी मिळाली, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली खटलाही दाखल केला. क्रम लक्षात घ्या : आधी डोंगर कापला, मग परवानगी. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयात एका जनहित याचिकेचा निकाल लागला, तेव्हाही फार उशीर झाला आहे, आता उभं राहिलेलं पाडता येणार नाही, हाच सूर होता. बांधकाम आधी उरकून घेतलं की 'आता झालं ते झालं' असं म्हणता येतं. हुंड्याच्या आणि दुसऱ्या लग्नाच्या प्रकरणांत ही युक्ती आपण किती वेळा पाहिली आहे!

डोंगर कापला की त्याचं ओझं कुणावर येतं? झरा आटला तर हंडा लांब न्यावा लागतो. चराईची जागा कुंपणात गेली तर शेळ्या विकाव्या लागतात, आणि शेळी म्हणजे बाईच्या हातातला अडीअडचणीचा पैसा. सरपण, करवंदं, हिरडा, पावसाळ्यातल्या रानभाज्या यांची पावती कधी फाटत नाही, म्हणून नुकसानभरपाईही मागता येत नाही. आणि डोंगर सैल झाला की तो श्रीमंताचं घरही ओळखत नाही. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून दोन बंगले गाडले गेले.

आता बायांचा मूळ मुद्दा. जमीन विकली तेव्हा सही कुणाची होती? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याची. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. पण जमिनीला भाव आला की बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची घाई होते, हे मी गावोगाव बचत गटांच्या कामात पाहते. कातकऱ्यांची स्थिती त्याहून नाजूक. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ नये असा कायदा आहे, कमाल जमीन धारणेतून मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही या खोऱ्यात अशा जमिनींच्या व्यवहारांबद्दल तक्रारी झाल्या. जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने आणि मेधाताई पाटकरांनी हा प्रश्न लावून धरला, आणि मुगावसारख्या गावांतल्या कष्टकरी बाया त्यात पुढे होत्या.

खासगी खरेदी असल्यामुळे पुनर्वसनाचा प्रश्नच नको, असा सोयीचा समज होता. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायांना स्वतंत्र कुटुंब मानलं, पण तोवर लवासाची खरेदी होऊन गेली होती. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत तर नगरवसाहतींना जनसुनावणीतूनच सूट आहे. म्हणजे खाणीला, कारखान्याला गावासमोर उभं राहावं लागतं, अख्ख्या शहराला नाही! आणि दिवाळखोरीत घर घेणाऱ्यांना २०१८ पासून धनको म्हणून जागा मिळाली, ते योग्यच झालं. त्यांत आयुष्याची पुंजी घातलेल्या बायाही आहेत. पण जिने झरा आणि चराई गमावली तिचा दावा कुठल्या रकान्यात लिहायचा?

कुणी म्हणेल, रस्ता झाला, कामं मिळाली. खरं आहे. रस्ता बाळंतीण बाईलाही उपयोगी पडतो, आणि रोजगार आपल्याला नको असं आपण कधीच म्हटलेलं नाही. पण रस्त्यासाठी आणि रोजगारासाठी गावाने आपलं पाणी आणि जमीन द्यायची, आणि काम थांबलं की पहिली झळ रोजंदारीवरच्या बाईनेच सोसायची, हा सौदा बरोबरीचा नाही.

मग आपण काय करायचं? आपल्या भागात असा प्रकल्प यायची कुजबुज सुरू झाली की लगेच चार कामं. एक, घराघरांतले सातबारा उतारे काढा, बाईचं नाव आहे का पाहा, नसेल तर लावण्याचा अर्ज करा, आणि हक्कसोडपत्रावर घाईने सही नको. दोन, ग्रामसभेआधी महिला सभा घेणं महाराष्ट्रात २००३ पासून बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका, ठराव लिहून घ्या. तीन, माहितीच्या अधिकारात चारही वाटांचे कागद मागा : सरकारी जमीन किती आणि कुठल्या दराने, पाणी किती, नकाशे कोण मंजूर करणार, कर्ज कुठल्या बँकेचं. चार, आपली यादी आपण करा : झरे, पायवाटा, चराई, सरपण, औषधी झाडं. तारीख घाला, पंधरा जणींच्या सह्या घ्या, आणि एक प्रत तहसीलदाराकडे पोच घेऊन द्या.

या यादीने प्रकल्प थांबेलच असं नाही. पण आधी लिहून ठेवलेलं असलं, तर उद्या कुणाला 'तिथे काही नव्हतंच, नुसता डोंगर होता' असं म्हणता येणार नाही. जेवणानंतर गटागटाने बसून आपापल्या गावाची यादी सुरू करू या. कागद आणि पेन्सिली मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, शेजारणीने लिहायचं.